अद्भुतकथेची दारे : फिलिपीन बेटांतील एक अनुभव

अमुक एका भाषेत अद्भुतकथा किंवा विज्ञानकथा फारशा का लिहिल्या जात नाहीत, असा प्रश्न निघाला म्हणजे त्याचे उत्तर बहुधा प्रतिभेच्या अभावात शोधले जाते. आमच्या मते ते उत्तर पुष्कळदा दुसरीकडेच असते. कथा लिहून झाल्यावर ती कोणाकडे धाडावयाची, ती कोण वाचणार, उत्तर केव्हा येणार, आणि छापली गेली तर लेखकाच्या पदरात काय पडणार, हे चार प्रश्न वरवर व्यावहारिक दिसतात. परंतु जेथे या प्रश्नांची उत्तरे होतकरू लेखकास ठाऊक असतात तेथे कथा लिहिली जाते. जेथे ती ठाऊक नसतात तेथे कथा वहीत राहते, आणि पुढे वहीही राहत नाही. या विधानाचा पुरावा म्हणून फिलिपीन बेटांतील गेल्या पाव शतकाचा अनुभव वाचकांपुढे ठेवावा, असा आमचा हेतू आहे.

प्रथम नावाचा खुलासा केला पाहिजे. विज्ञानकथा, परीकथेच्या वळणाची अद्भुतकथा, भयकथा, आणि इतिहास वेगळा घडला असता तर काय झाले असते याची कल्पना करणारी कथा, या सर्वांस मिळून इंग्रजीत 'स्पेक्युलेटिव्ह फिक्शन' असे एकच नाव आहे. 'असे असते तर?' हा या साऱ्या प्रकारांचा मूळ प्रश्न होय. या लेखापुरता आम्ही 'अद्भुतकथा' हा आपला जुना शब्द या व्यापक अर्थाने योजीत आहो.

फिलिपीन देश आपल्यापासून दूर असला तरी अगदीच परका नाही. तेथील टागालोग भाषेत शिक्षकास 'गुरो' म्हणतात, चेहऱ्यास 'मुखा' म्हणतात व आशेस 'आसा' म्हणतात. संस्कृतातील हे शब्द मलाय व जावा बेटांच्या वाटेने, जुन्या व्यापाराबरोबर, तेथवर पोचले. आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत बोलका शब्द म्हणजे 'दिवाता'. आपली देवता तेथे जाऊन डोंगर, अरण्य व झरे यांची राखण करणारी सुंदर वनदेवी झाली.

या दिवातेभोवती लोककथेतील मोठा गोतावळा आहे. घोड्याच्या तोंडाचा व लांब पायांचा 'टिकबालांग' वाटसरूंस रानात चकवतो. उंच झाडावर बसून भली मोठी चिरूट ओढणारा 'काप्रे' आहे. रात्री कमरेपासून वरचे धड वेगळे करून पंखांनी उडत जाणारी 'मनानांग्गाल' आहे. वारुळासारख्या मातीच्या ढिगाऱ्यात राहणारा म्हातारा 'नुनो' आहे. त्याच्या घराजवळून जाताना लोक आजही 'जरा वाट द्या, महाराज' अशा अर्थाचे शब्द पुटपुटतात. पिंपळावरच्या मुंजास वचकणाऱ्या आणि देवचारास विडी ठेवणाऱ्या आपल्या माणसांस यात नवल वाटणार नाही. ऊन असताना पाऊस पडला म्हणजे आपल्याकडे कोल्ह्याचे लग्न लागते. तिकडे त्याच मुहूर्तावर टिकबालांगाचे लागते!

म्हणजे अद्भुताचे भांडवल त्या देशात कधीच कमी नव्हते. उणीव होती ती त्या भांडवलास साहित्य म्हणून मान देणाऱ्या जागेची. हे समजण्यासाठी तेथील भाषांचा इतिहास थोडक्यात पाहावा लागेल. सात हजारांहून अधिक बेटांच्या या देशात दीडशेहून अधिक भाषा बोलल्या जातात. १५६५ पासून १८९८ पर्यंत तेथे स्पेनची सत्ता होती. नंतर अमेरिकेची आली, आणि मधला जपानी अंमल वगळता ती १९४६ पर्यंत टिकली. अमेरिकनांनी १९०१ पासून शिक्षकांच्या तुकड्या आणून गावोगावी इंग्रजी शाळा काढल्या. त्यामुळे एका पिढीच्या आत इंग्रजी ही कचेरीची, महाविद्यालयाची व प्रतिष्ठित वाङ्मयाची भाषा झाली. १९८७ च्या राज्यघटनेने टागालोगवर आधारलेल्या 'फिलिपिनो' भाषेस राष्ट्रभाषा ठरविले. परंतु राज्यकारभारात इंग्रजीचे स्थान कायम राहिले.

याचा परिणाम असा झाला की अद्भुतकथेचे दोन प्रवाह निरनिराळे वाहू लागले. एक प्रवाह देशी भाषांतील लोकप्रिय नियतकालिकांचा. टागालोगमधील 'लिवायवाय' हे साप्ताहिक १९२२ साली निघाले. पुढे सेबुआनो, हिलिगायनोन व इलोकानो या भाषांतही तशीच साप्ताहिके निघाली. त्यांतील क्रमशः कादंबऱ्यांत भुते, राक्षस व चमत्कार मुबलक असत. चित्रकथांच्या अंकांस तेथे 'कोमिक्स' म्हणतात. मार्स रावेलो यांची 'दार्ना' ही उडणारी वीरांगना १९५० साली त्यांतूनच घरोघरी पोचली. हे सारे लाखो लोकांनी वाचले. परंतु महाविद्यालयीन पंडितांनी त्यास वाङ्मय मानले नाही.

दुसरा प्रवाह इंग्रजी कथेचा. तेथे वास्तववादास मान होता. दारिद्र्य, जमीनदारी व हुकूमशाही यांनी गांजलेल्या देशात लेखकाने वास्तवच लिहावे, ही अपेक्षा काही चुकीची नव्हती. निक होआकिन यांच्यासारख्या थोर लेखकाने आपल्या कथांत आरशातील भविष्य व प्राचीन विधींचे गूढ आणले, हे खरे. परंतु त्यांस अद्भुतकथाकार असे कोणी म्हटले नाही. तरुण लेखकाने परग्रहाची किंवा मनानांग्गालची कथा लिहिली तर ती पोरखेळ समजली जाण्याचा धोका होता. अशा कथेस वाचक होते व लेखकही होते. मध्ये दार नव्हते.

पहिले दार किलकिले झाले ते स्पर्धेच्या रूपाने. १९५० साली स्थापन झालेली कार्लोस पालांका पारितोषिके ही त्या देशातील सर्वांत मानाची वाङ्मयीन पारितोषिके होत. त्यांत २००० साली 'भविष्यकथा' असा स्वतंत्र विभाग इंग्रजी व फिलिपिनो या दोन्ही भाषांसाठी उघडण्यात आला. हा विभाग काही वर्षांनी बंद पडला. पण तेवढ्या अवधीत एक गोष्ट घडली. ज्या पारितोषिकाकडे सारे लेखक आदराने पाहत, त्यानेच भविष्याची कल्पना करणे हे गंभीर काम आहे, असा निर्वाळा दिला.

दुसरे दार परदेशी उघडले. डीन फ्रान्सिस आल्फार यांची पतंगावरील एक कथा 'स्ट्रेंज होरायझन्स' या अमेरिकेतील नियतकालिकात २००३ साली प्रसिद्ध झाली. सदैव आकाशाकडे पाहणाऱ्या एका तरुण ज्योतिर्विदावर एक मुलगी अनुरक्त होते. त्याची नजर आपल्याकडे वळावी म्हणून स्वतःस वाहून नेईल असा पतंग करावयाचे ती ठरविते, आणि त्याची सामग्री गोळा करण्यात तिचे अवघे आयुष्य जाते. तिच्याबरोबर खाटकाचा मुलगा वणवण हिंडत राहतो. त्याच्याकडे मात्र तिचे लक्ष जात नाही. या कथेस अमेरिकेतील त्या वर्षाच्या निवडक अद्भुतकथांच्या संग्रहात स्थान मिळाले, आणि २००९ साली लावी तिधार यांनी संपादिलेल्या जागतिक विज्ञानकथांच्या संग्रहातही ती घेण्यात आली. एका फिलिपिनो लेखकाने आपल्याच बेटांच्या वातावरणातील कथा लिहावी आणि तिने जग हिंडावे, हे पाहून इतरांस धीर आला.

परंतु आमच्या मते खरे महत्त्व तिसऱ्या दारास आहे. परदेशात नाव झाल्यावर आल्फार स्वतःच्याच लेखनात गुंतून राहिले नाहीत. २००५ साली त्यांनी 'फिलिपीन स्पेक्युलेटिव्ह फिक्शन' या नावाचा कथासंग्रह संपादून काढला, आणि तो एकटा न ठेवता त्याची वार्षिक मालिका केली. निक्की आल्फार यांनी संपादनात साथ दिली. पुढे केट ओसियास, अँड्र्यू ड्रिलॉन, चार्ल्स टॅन अशा तरुण संपादकांच्या हाती एकेक खंड सोपविण्यात आला, आणि दशकभरात खंडांची संख्या दहाच्या घरात गेली. मोठ्या प्रकाशनसंस्थेचे पाठबळ नसताना हे काम झाले. दरवर्षी जाहीर निवेदन निघावे, कथा मागवाव्यात, आलेल्या साऱ्या वाचाव्यात, निवड कळवावी व पुस्तक काढावे, एवढाच तो नेम होता. त्या नेमातच मालिकेचे सामर्थ्य होते. यंदा कथा नाकारली गेली तर पुढील वर्षी पुन्हा धाडता येईल, ही खात्री लेखकास पारितोषिकापेक्षा अधिक उपयोगी पडते. कारण पारितोषिक एकास मिळते, आणि खात्री सर्वांस.

एक दार उघडले की शेजारची दारेही उघडतात. २००५ साली इंग्लिश लेखक नील गेमन मनिला येथे आले, तेव्हा त्यांच्या वाचकांची अलोट गर्दी लोटली. त्यानंतर तेथील 'फुली बुक्ड' या ग्रंथविक्रेत्यांच्या सहकार्याने अद्भुतकथा व चित्रकथा यांसाठी खास पारितोषिके सुरू झाली. केनेथ यू यांनी अशाच कथांचे एक छोटे नियतकालिक काढले. पाओलो चिकियामको यांनी २०११ साली पुराणकथांवर आधारलेल्या नव्या कथांचा संग्रह संपादिला. २०१३ साली फिलिपीन विद्यापीठाच्या मुद्रणालयाने एमिल फ्लोरेस व जोसेफ नासिनो यांनी संपादिलेला विज्ञानकथांचा संग्रह प्रसिद्ध केला. ज्या कथेस विद्यापीठात उभे राहू दिले जात नसे, तीच विद्यापीठाच्या शिक्क्यानिशी बाहेर पडली. त्याच वर्षी सिंगापुरात जेसन एरिक लुंडबर्ग यांनी 'लोंतार' हे आग्नेय आशियातील अद्भुतसाहित्यास वाहिलेले नियतकालिक सुरू केले. दहा अंक काढून ते २०१८ साली थांबले.

चित्रकथेची हकीकतही अशीच आहे. बजेट टॅन हे लेखक व काजो बाल्दिसिमो हे चित्रकार. दोघांनी नोकरी सांभाळून २००५ साली 'त्रेसे' ही मालिका आरंभिली. मनिला शहरात भुताखेतांच्या हातून घडणाऱ्या गुन्ह्यांचा शोध घेणारी आलेक्सांद्रा त्रेसे ही तिची नायिका. पहिले अंक त्यांनी छायाप्रती काढून विकले. पुढे 'विसप्रिंट' या प्रकाशनसंस्थेने ते पुस्तकरूपाने काढले, आणि २०२१ साली 'नेटफ्लिक्स'ने त्यावर चलच्चित्रमालिका केली. मालिका जगभर गेली त्याच वर्षी विसप्रिंटने आपले काम आटोपते घेतले, ही गोष्टही विसरण्यासारखी नाही. पीक आले तेव्हा बांध घालणारा शेतात नव्हता.

आता परदेशातील दारांविषयी थोडे विस्ताराने लिहितो. कारण त्यांची रीत आपल्या वाचकांस, विशेषतः तरुण लेखकांस वाट दाखविणाऱ्या शिक्षकांस, ठाऊक असणे इष्ट आहे. 'स्ट्रेंज होरायझन्स' हे नियतकालिक २००० साली निघाले. ते स्वयंसेवकांच्या श्रमावर व वाचकांच्या देणग्यांवर चालत आले आहे. 'क्लार्क्सवर्ल्ड' २००६ पासून निघते. क्रिस्टिन मांडिग्मा यांची एक खोचक कथा त्यात २००७ साली आली. तीत 'आस्वांग' नावाची नरभक्षक पिशाची पत्र लिहून मार्क्सवादी परिभाषेत आपली बाजू मांडते. २०२१ साली निघालेले 'खोरेओ' हे नियतकालिक तर मायदेश सोडून गेलेल्या व परदेशात वाढलेल्या लेखकांसाठीच आहे. फिलिपिनो लोक पोटासाठी जगभर विखुरलेले असल्यामुळे त्यांस ते जवळचे वाटावे यात नवल नाही.

अशा नियतकालिकांकडे कथा संगणकावरून धाडावयाची असते. लेखकाची ओळख, शिफारस किंवा पदवी लागत नाही. प्रत्येकाचे नियम जाहीर असतात: शब्दसंख्या किती, कथा केव्हा स्वीकारतात, एकच कथा एकाच वेळी दोघांकडे धाडलेली चालते की नाही. ते नियम ओळीने वाचावेत, कारण पुष्कळ कथा गुणांवाचून नव्हे, तर नियम न पाळल्याने परत येतात. मोबदला शब्दांवर मोजला जातो. अमेरिकेतील विज्ञानकथालेखकांच्या संघटनेने सप्टेंबर २०१९ पासून व्यावसायिक दर शब्दामागे किमान ८ सेंट असा धरला. म्हणजे चार हजार शब्दांच्या कथेस या दराने ३२० डॉलर होतात. मनिलातील तरुण शिक्षकास ही रक्कम क्षुल्लक नव्हे.

याबरोबर दोन पथ्ये सांगितली पाहिजेत. पहिले असे की पैसा प्रकाशकाकडून लेखकाकडे यावयाचा असतो. कथा वाचण्यासाठी, छापण्यासाठी अथवा 'निवड झाली' म्हणून प्रती विकत घेण्यासाठी जो लेखकाकडेच पैसे मागतो, त्याचे दार हे दार नसून सापळा आहे, असे समजावे. दुसरे पथ्य हक्कांचे. चांगले नियतकालिक कथेचे प्रथम प्रकाशनाचे हक्क घेते, काही महिने ती इतरत्र छापू नये अशी अट घालते, आणि मुदत संपताच कथा पुन्हा लेखकाच्या स्वाधीन होते. आल्फार यांच्या पतंगाच्या कथेने नियतकालिक, वार्षिक निवड, स्वतःचा संग्रह व जागतिक संग्रह असा प्रवास केला. कथा अशी हिंडावयाची तर तिचे हक्क मोकळे असावे लागतात. कायमचे सर्व हक्क लिहून देणाऱ्याची कथा पहिल्याच धर्मशाळेत अडकून पडते.

या व्यवस्थेवर नवे संकटही आले आहे. यंत्राकडून लिहवून घेतलेल्या कथांचा असा लोंढा आला की फेब्रुवारी २०२३ मध्ये 'क्लार्क्सवर्ल्ड'ला नवीन कथा घेणे काही काळ थांबवावे लागले. पुढील महिन्यात दार पुन्हा उघडले. त्या निमित्ताने, ओळखीच्याच लेखकांच्या कथा घ्याव्यात असा सोपा उपाय कोणासही सुचला असता. परंतु तसे झाले असते तर पहिली बंदी दूरदेशीच्या अनोळखी लेखकावरच पडली असती. उघडे दार राखण्यास किती कष्ट पडतात, हे यावरून दिसून येते.

या दारांतून गेलेल्या लेखकांची यादी आता लहान नाही. रोचिता लोनेन-रुइझ यांनी २००९ साली 'क्लॅरियन वेस्ट' या अमेरिकेतील नामांकित लेखनशिबिरात शिष्यवृत्तीवर शिक्षण घेतले. इसाबेल याप यांचा कथासंग्रह २०२१ साली अमेरिकेत निघाला. फिलिपिनो वंशाच्या आलिसा वाँग यांच्या कथेस २०१५ सालचे नेब्युला पारितोषिक मिळाले. थिआ ग्वान्झोन यांची पहिली कादंबरी २०२३ साली मोठ्या परदेशी प्रकाशकांनी काढली. हे सर्व यश आनंदाचे आहे. परंतु ते सर्व इंग्रजीतील आहे, आणि येथेच आमच्या मनात काटा राहतो.

ज्या कथा आजीने टागालोगमध्ये, सेबुआनोत किंवा वाराय भाषेत सांगितल्या, त्या जगापुढे जाताना इंग्रजी होऊन जातात. दिवाता राहते, पण तिला हाक मारण्याची भाषा बदलते. शब्दामागे ८ सेंट देणारे दार इलोकानोत लिहिणाऱ्यासाठी उघडत नाही. हा दोष त्या लेखकांचा नाही. जेथे दार आहे तेथेच माणूस जाणार. त्या देशातील विचारी मंडळींनी हे ओळखले आहे. पालांका पारितोषिकांत १९९७ पासून सेबुआनो, हिलिगायनोन व इलोकानो कथांसाठीही विभाग उघडण्यात आले. क्रिस्टीन ओंग मुस्लिम व त्यांचे सहकारी यांनी 'उलिरात' हा अनुवादित कथांचा संग्रह २०२१ साली प्रसिद्ध केला. त्यात इंग्रजीखेरीज इतर देशी भाषांत लिहिलेल्या कथा, अनुवादकास मान देऊन, एकत्र आणल्या आहेत. ऑक्टोबर २०२५ मध्ये फ्रँकफुर्टच्या ग्रंथजत्रेत फिलिपीन देश सन्माननीय अतिथी होता, आणि त्यासाठी निवडलेले बोधवाक्य होसे रिझाल यांच्या १८८७ सालच्या कादंबरीतून, म्हणजे स्पॅनिश ग्रंथातून, घेतले होते. त्या देशाचा आवाज अनेक भाषांतून घुमतो, याची ती खूणच म्हणावी लागेल.

आपल्यापुरता याचा बोध काय? मराठीतही दाराचे महत्त्व सिद्ध झालेले आहे. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथास्पर्धेत 'नारायण विनायक जगताप' या नावाने एक कथा आली व पहिली ठरली. ती डॉ. जयंत विष्णु नारळीकर यांची होती. नावाचा प्रभाव परीक्षकांवर पडू नये म्हणून त्यांनी आपल्या नावाची आद्याक्षरे उलट करून टोपणनाव घेतले होते. स्पर्धा नसती तर नारळीकर शास्त्रज्ञ झालेच असते. मराठी विज्ञानकथेस ते लाभले असते की नाही, हे सांगवत नाही.

महाराष्ट्राबाहेर राहून मराठी लिहिणाऱ्यांस हा बोध विशेष लागू पडतो. शाळेच्या हस्तलिखितासाठी मुले जे लेखन देतात त्यात भुताची किंवा चंद्रावरच्या स्वारीची कथा आली नाही असे वर्ष आम्हांस आठवत नाही. शाळा सुटली की ती मुले लिहिणे सोडतात. कारण पुढील दार कोठे आहे हे त्यांस सांगणारा कोणी नसतो. अकादमीने पारितोषिकाची थैली मोठी करावी, असे आमचे म्हणणे नाही. वर्षातून एक अंक, ठरलेल्या महिन्यात, अशा कथांसाठी राखून ठेवावा; नियम आगाऊ छापावेत; आलेल्या प्रत्येक कथेस, नकार असला तरी, उत्तर जावे; छापलेल्या कथेचे हक्क लेखकाकडे राहावेत; आणि पाच वर्षांनी संपादकत्व तरुणाच्या हाती द्यावे. यात खर्च थोडा आहे. लागतो तो नेम.

मनिलातील त्या मंडळींजवळ यापेक्षा अधिक काही नव्हते. दिवाता तेथेही रानातच होती आणि आपल्याही रानात आहे. तिची कथा मराठीत लिहिणारे मूल आज कोणा शिक्षकाच्या वर्गात बसले असेल. वही पुढे करून ते विचारील की ही कोठे धाडू? त्या वेळी आपल्याजवळ एक पत्ता असावा, एवढेच मागणे आहे.